दाखल्यावरचा शेरा
तासगावहून आलेल्या नव्या बेदाण्याची पिशवी आज सोडली आणि त्या गोडसर, गंधकाच्या वासासरशी मला मी शिकवायचो त्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी आठवली. गणिताचा गृहपाठ करून घ्यायचा माझा एकच उपाय होता, वर्गासमोर लाज काढणं. काही पोरं कोरी पानं डिंकाने चिकटवून लपवायची. तिच्या वहीचीही पानं चिकटलेली दिसली, तशी मी वही उंच धरून सगळ्यांना हसवलं. "केलाय ओ सर. शेडवर बेदाणा निवडून हात चिकाट व्हत्यात. उघडून तर बघा," ती म्हणाली. मी वही ठेवून घेतली आणि तिच्या वडिलांना बोलावलं. ते दुसऱ्या दिवशी आले. "डोकंच न्हाई तर ऱ्हाऊ द्या सर, शेडवर बसंल," म्हणत तिला घेऊन गेले. संध्याकाळी मी ब्लेडने पानं सोडवली. सगळी गणितं केलेली होती आणि बरोबर होती. आठवड्याने वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले, तेव्हाही मी ती वही दाखवली नाही आणि प्रगतीच्या रकान्यात 'असमाधानकारक' असं लिहून दिलं. तो शेरा खोटा आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.