खारं पाणी आणि समुद्र

यवतमाळच्या आमच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, चार फूट लांबीची काचेची टाकी आहे. सध्या तिच्यात इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. पाहुणे विचारतात, ही एवढी मोठी टाकी कशाची? मी सांगतो, यात समुद्र होता. पांढरकवड्याहून आणताना मिस्त्रीच्या हातून चूक झाली आणि सगळं मेलं. पाहुणे चुकचुकतात, चहा घेतात, विषय बदलतो. हे उत्तर मी दोन वर्षं देत आलो आणि ते खोटं आहे. समुद्र मी मारला, आणि नाव एका भल्या माणसाचं खराब केलं.

तो माणूस म्हणजे चाचा. पांढरकवड्यात बसस्टँडच्या मागे त्यांचं कूलर-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. मासे पाळायचा नाद मला आधीपासून होता, पण गोड्या पाण्यातल्या माशांनी माझं समाधान होईना. जिथून समुद्र बघायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, त्या गावात मला घरात समुद्र हवा होता. नागपुरातून खास मीठ आणायचं, फिल्टरच्या पाण्यात मोजून विरघळवायचं, आणि त्या पाण्यात जिवंत प्रवाळ, एक लाल-पांढरी कोळंबी आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे. हे सगळं पंचवीस-सव्वीस अंशांवर राहायला पाहिजे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पंख्याखाली माणूस शिजतो. चाचांनी एका भंगारातल्या वॉटर कूलरचं मशीन काढून टाकीचं पाणी थंड ठेवायची सोय करून दिली. मिठाच्या पाण्यानं लोखंड खाल्लं की ते न बोलावता यायचे आणि नवीन नळी बसवून जायचे.

खरं तर ते यायचे कोळंबीसाठी. टाकीत हात धरला की ती कोळंबी बोटांवर चढायची आणि नखांतला मळ टिपून खायची. मी त्यांना आधी साबणाशिवाय तीनदा हात धुवायला लावायचो, तेवढं ते मुकाट्यानं करायचे. मग बाही वर करून, कोपरापर्यंत हात घालून, दहा-दहा मिनिटं उभे राहायचे. "चाळीस वर्षांचं काळं आहे, सर," ते म्हणायचे, "माह्या बायकोले जमलं नाही, ते इले जमून राह्यलं."

त्या पाण्याला आमच्यात एक नाव होतं. चाचांनीच ठेवलेलं. ते त्याला समुद्र म्हणायचे. समुद्र कमी झाला, समुद्र तापला, सर, शनिवारी समुद्र बनवून ठेवजा. मीही तसंच म्हणायला लागलो, कारण आमच्या भागात खारं पाणी म्हटलं की अर्थ वेगळाच होतो. इथे घराला दोन नळ असतात. एक प्यायच्या पाण्याचा, तो गोडा. दुसरा बोअरचा, धुण्याभांड्याचा, ज्याच्यानं बादलीला पांढरा थर बसतो आणि डाळ शिजत नाही. त्याला खारं म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. हे लहान पोराला माहीत असतं, मला तर असायलाच पाहिजे होतं. वर्गात मी एका चुकीच्या शब्दासाठी अर्धा मार्क कापायचो. शब्द नीट वापरा, हे माझं पालुपद होतं आणि मुलं माझ्या मागे त्याची नक्कल करायची.

मे महिन्यात माझी बदली यवतमाळला झाली. टाकी हलवायची म्हणजे सगळा समुद्र उपसून ड्रममध्ये भरायचा, प्रवाळाचे दगड त्याच पाण्यात बुडवून न्यायचे, आणि तिकडे टाकी मांडून तेच पाणी परत ओतायचं. वाटेत थोडं सांडेल म्हणून मी दोन दिवस आधी जाऊन नव्या घरी एक मोठा ड्रम समुद्र बनवून ठेवला होता, मागच्या पडवीत, वर चादर टाकून. चाचांना ते सांगायचं राहून गेलं. आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे असं समजायची सवय मास्तरांना लागतेच, मला जरा जास्तच लागली होती.

चाचांनी दुकान बंद ठेवलं आणि पहाटेच छोट्या हत्ती टेम्पोत टाकी, ड्रम, दगड आणि कोळंबीची बादली घेऊन ते पुढे गेले. मासे मी आणि बायको कारमधून नेणार होतो. मी मागे राहिलो, कारण शाळेतल्या मंडळींनी मला निरोपाचा नाश्ता ठेवला होता. आलुबोंडा-रस्सा, भाषणं, शाल. मुख्याध्यापक माझ्या शिस्तीबद्दल बोलत होते तेवढ्यात फोन वाजला. चाचा म्हणाले, गतिरोधकांवर दोन ड्रमची झाकणं उडाली, टाकी अर्ध्यावरच भरली, वरचे दगड उघडे पडले आहेत, काय करू?

समोर सगळे माझ्याकडे बघत होते. समुद्र टाका, असं त्यांच्यासमोर म्हणायला मला पोरकट वाटलं. विज्ञानाचा शिक्षक, खांद्यावर शाल, आणि फोनवर म्हणतो समुद्र ओता. मी घसा साफ केला आणि शुद्ध बोललो.

"खारं पाणी आहे ना तिथे. खाऱ्या पाण्यानं भरून टाका."

चाचांनी विचारलं, "खारं? पक्कं ना, सर?"

"आता दोनदा सांगू का?" म्हणून मी फोन ठेवला. मंडळी हसली. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही यवतमाळला पोचलो. टाकी गच्च भरलेली, खाली सांडलेलं पाणी पुसून काढलेलं, मशीन सुरू. पाणी दुधट दिसत होतं. प्रवाळ चिकट स्राव सोडत होते. कोळंबी एका दगडापाशी आडवी पडली होती आणि चाचा टाकीत हात घालून बोट तिच्याजवळ धरून उभे होते. ती चढत नव्हती. मी खारेपणा मोजायचं यंत्र काढलं, त्याच्या काचेवर थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. पस्तीस पाहिजे होतं, अठरा होतं. हात घातला तर पाणी कोमट. गच्चीवरच्या टाकीत मे महिन्याच्या उन्हात तापलेलं बोअरचं पाणी होतं ते. मला त्याच क्षणी सगळं कळलं. नाश्ता, शाल, फोन, शब्द न् शब्द.

आणि तरी मी ओरडलो. काय घातलंत यात? अक्कल गहाण टाकली होती का? सहा वर्षांची मेहनत होती माझी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बायकोनं मागच्या पडवीत जाऊन पाहिलं, चादरीखालचा ड्रम काठोकाठ भरलेला होता. तिनं येऊन मला विचारलं, "तुम्ही चाचांना ड्रमाचं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

चाचांनी टाकीतून हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ते वाट बघत होते, मी पुढे काही बोलतो का याची. मी यंत्राची काच पुसत राहिलो. मग त्यांनीच मान खाली घातली.

"माह्याच्यानं चूक झाली, सर. ऐकण्यात फरक पडला."

नवे घरमालक दारात उभे होते. ते म्हणाले, असली कामं शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी, अशा लोकांना काय समजतं? अशा लोकांना म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चाचांनी ओल्या हातानंच आपली पाने-पकडीची पिशवी उचलली. जेवून जा, असं बायको म्हणत होती, पण ते थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत प्रवाळ पांढरे पडले. मासे बादलीत होते म्हणून वाचले, ते पुढे मी नागपूरच्या दुकानदाराला देऊन टाकले.

मागच्या महिन्यात एका कामासाठी पांढरकवड्याला गेलो. दोन वर्षं मनातल्या मनात बोलून पाठ झालेलं वाक्य घेऊन चाचांच्या दुकानात शिरलो. ते एका गिऱ्हाइकाच्या कूलरची मोटर उघडून बसले होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, आणि गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली. "हेच ते सर. यायच्या घरचा समुद्र मी मारला."

ते हे सहज बोलले, गावात कितीदा तरी सांगून झालेलं असावं तसे. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हळहळला. असं व्हायला नको होतं, म्हणाला. मी मान हलवली. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण मी मान हलवली. मोटर बांधून झाली, गिऱ्हाईक ती घेऊन बाहेर पडला, आणि मग मी बोललो. चाचा, चूक तुमची नव्हती. खारं पाणी मीच म्हटलं होतं. ड्रमाचं मी सांगितलंच नव्हतं.

चाचा फडक्यानं हात पुसत होते. नखं काळीच होती.

"मले माहीत आहे, सर. तवाच माहीत होतं."

मी म्हणालो, मला माफ करा.

"माफ त मी तवाच केलं होतं," ते म्हणाले, आणि दाराकडे पाहिलं. "पन तो मानूस बसला होता ना आता, तवा म्हनाचं होतं."

बाहेर त्या गिऱ्हाइकाची स्कूटर सुरू होत नव्हती. तो किक मारत होता, थांबत होता, परत मारत होता. सात-आठ वेळा तरी आवाज आला. उठून दारापर्यंत जायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी स्टुलावर बसून राहिलो.