तिले साधं चालत नाई

वाऱ्याशी शर्यत लावणारी मोटार घेऊन ती बैलगाडीच्या चालीने हाकणारा माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी काही अभिमानाने सांगत नाही. लग्नाच्या वेळी आमच्या घरच्यांनी मुलगी पाहिली, सासरा पाहिला, मेहुणेसुद्धा पारखून घेतले. पण साडू पारखायची आपल्यात रीतच नाही, आणि मी नेमका तिथे फसलो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. हिंगणघाटला बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. साठी जवळ आली आहे, डोक्यावरचे केस आणि पायातल्या चपला दोन्ही झिजत आल्या आहेत. आम्ही सेलूला राहतो, त्यामुळे सणावाराला जाणं-येणं असतं, आणि दर वेळी परतताना मी बायकोला म्हणतो, की तुझ्या बहिणीला स्वर्गात जागा राखलेली आहे. यावर ती म्हणते, "माह्यी बी राखली असन."

तर ती गाडी. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने हौसेने घेतली आणि हौस फिटल्यावर विकायला काढली. साडूभाऊ दुकानाचा माल वाहायला जुना टेम्पो पाहायला म्हणून नागपूरला गेले आणि संध्याकाळी ही अवदसा घेऊन दारात उभे राहिले. लालभडक, दोनच दारांची, पोट जमिनीला टेकलेलं. टेम्पोचं काय झालं असं ताईंनी विचारलं, तर म्हणाले, "पाह्यली अन् राह्यवलं नाई." या गाडीला मागे बसायला जागा आहे अशी एक अफवा आहे. मी त्या अफवेत बसलेलो आहे. गुडघे हनुवटीला लागले, की माणसाला आपल्या पूर्वकर्मांचा फार शांतपणे विचार करता येतो.

आणि विचाराला वेळही भरपूर मिळतो, कारण साडूभाऊ चाळिसाच्या वर काटा जाऊ देत नाहीत. "घाई करून कोनाचं भलं झालं, भाऊ?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. महामार्गावर त्यांना ट्रक ओलांडून जातात, ऊस भरलेले ट्रॅक्टर ओलांडून जातात. एकदा तर कापसाच्या गाठींवर बसलेल्या एका हमालाने वरून वाकून विचारलं, "काका, बंद पडली का? धक्का मारू?" गतिरोधक आला की गाडी थांबते, सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं. मग साडूभाऊ तिरप्या अंगाने, श्वास रोखून, एकेक चाक पार करणार, आणि मग पुन्हा सगळ्यांनी बसायचं. ताई हिंगणघाटहून वर्ध्याला गाडीने आल्या असं आम्ही म्हणतो खरं, पण त्यातली बरीचशी वाट त्या बिचाऱ्या पायीच आलेल्या असतात.

पण हे सगळं परवडलं. खरं वेड पेट्रोलचं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात म्हणे लिहिलं होतं, की हिला प्रीमियमच घाला. झालं! त्या दिवसापासून साडूभाऊंच्या लेखी जगातल्या पेट्रोलचे दोन भाग पडले. एक प्रीमियम आणि दुसरं 'साधं'. हा 'साधं' शब्द ते असा उच्चारतात, की जणू कुणी देवाच्या नैवेद्याला शिळी भाकर घेऊन आलं आहे. प्रीमियम मिळायचं ते गावाबाहेर, महामार्गावरच्या एकाच पंपावर. तिथे नसलं तर गाडी दिवसचे दिवस उपाशी उभी राही, पण साध्याला तोंड लावत नसे. कुणी म्हणालं, की अहो, एवढ्या हळू चालवता, हिला कशाला हवं ते महागाचं, तर उत्तर ठरलेलं: "तिले साधं चालत नाई."

आणि मजा अशी, की त्या घरात बाकी सगळ्यांना साधं चालत असे. साडूभाऊ चहाची पत्ती दोनदा उकळणार, दाढीचं पातं आरशाच्या काचेवर घासून पुन्हा वापरणार. स्वयंपाकघरातला मिक्सर झाकणावर तळहात दाबल्याशिवाय फिरत नसे आणि फ्रिजचं दार परकराच्या नाडीने बांधलेलं. ताई त्या नाडीची गाठ एका हाताने सोडतात आणि दुसऱ्या हाताने आपल्याला बर्फी देतात. कधी काही मागितलं नाही, कधी आवाज चढला नाही. फार झालं तर गाडी पुसणाऱ्या नवऱ्याकडे बघून हसत म्हणायच्या, "पुढच्या जन्मी गाडीच व्हावं म्हनतो मी."

एकदा मी मुद्दाम खोड काढली. म्हटलं, साडूभाऊ, त्या नागपूरवाल्यालाच विचारा ना, चुकून साधं पडलं तर काय होतं. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून तो व्यापारी हसला. "कुछ नहीं होता, काका! संभाल लेती है. अंदर जरा खटखट हुई, की खुद ही दम रोक लेती है. आपको पता भी नहीं चलता. बस, जितनी ताकत है उतनी दिखाती नहीं." मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. तर साडूभाऊंचे डोळे पाणावलेले! "आयकलं, भाऊ? आपल्यासाठी दम दाबून राह्यते बिचारी. अन् आपल्याले पता बी लागू देत नाई. असं मुक्या जनावरावर कोनी करते का?"

जनावर म्हणायचं कारण होतं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरी शेती होती, बैल होते. बैल गेले, पण पोळा राहिला होता, आणि गाडी आल्यावर त्याला हक्काची जागा मिळाली. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. साडूभाऊ गाडीच्या बॉनेटला तूप-हळद लावून, हात जोडून म्हणणार, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पोळ्याला गाडीपुढे पुरणपोळी. आणि त्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही म्हणून किल्ली देवघरात. आभाळ कोसळलं तरी गाडी बाहेर निघायची नाही.

मागच्या वर्षी ताईंनी आयुष्यातली पहिली मागणी केली. त्यांचं माहेर समुद्रपूरचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्यांच्या शाळेने जुन्या मुलींना बोलावलं होतं. ताईंच्या वेळचा खो-खोचा संघ पुन्हा मैदानावर उतरणार होता, गंमत म्हणून. आठवडाभर आधी चहा देता देता ताई म्हणाल्या, "मैत्रिनी म्हनतात, तुह्या घरची लाल गाडी पाह्याची आहे. जाऊ का आपन गाडीनं?" एवढंच. पण सांगताना त्यांचे कान लाल झाले होते, असं माझी बायको सांगते. साडूभाऊ म्हणाले, "जाऊ ना. त्यात काय."

पोळ्याला आम्ही दोघं तिकडेच होतो. गाडीला पुरणपोळी झाली, ओवाळणं झालं. संध्याकाळी साडूभाऊंच्या लक्षात आलं, की पेट्रोलचा काटा तळाला गेला आहे. पण पोळ्याच्या दिवशी गाडी जुंपायची कशी? उद्या सकाळी भरू म्हणाले. सकाळी पंपावर फोन केला, तर सणामुळे टँकर आलाच नव्हता. प्रीमियम संपलं. साधं हवं तेवढं आहे.

ताई तयार होऊन उभ्या होत्या. मोरपंखी साडी, पिशवीत नवे कॅनव्हासचे बूट. साडूभाऊ फोन हातात धरून म्हणाले, "आता कसं करतं?" ताईंनी एकदा गाडीकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं. यष्टी आहे ना." आणि माझ्या बायकोला घेऊन निघाल्यासुद्धा. पाठीमागून त्यांची पिशवी नुसती हलताना दिसत होती.

साडूभाऊ सुटकेचा श्वास टाकून माझ्याकडे वळले. "पाह्यलं, भाऊ? काई म्हनली का? एका शब्दानं नाई. सांभाळून घेते ती. आपल्याले पता बी लागू देत..." आणि तिथेच थांबले. मलाही कधी नव्हे तो राग आला होता. म्हटलं, "बोला ना, का थांबलात? जन्मभर तुम्ही त्या बाईला साधं टाकून चालवलंत. गाडीच्या खटखटीची एवढी काळजी, माणसाला कधी कान लावला होता का?" बोलून गेलो आणि वाटलं, आता साडूपणाचं नातं संपलं. ते आत गेले आणि फ्रिजच्या त्या नाडीपाशी थबकले. मग देवघरातून किल्ली घेतली आणि म्हणाले, "चाला."

पंपावरचा माणूस त्यांना ओळखून होता. दुरूनच हात हलवून ओरडला, "काका, तुमचं वालं नाई आज!" साडूभाऊ म्हणाले, "साधं टाक." त्याला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. दोनदा विचारून घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. लेकराला सुई टोचताना बाप जसा तोंड फिरवून उभा राहतो, तसे साडूभाऊ पेट्रोल पडेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर त्यांनी गाडी जी काढली, ती पुढची जागा ताईंसाठी सोडून मागच्या अफवेत बसलेला मी जन्मात विसरणार नाही. चाळीस कधी गेलं ते कळलंच नाही. कधी नव्हे ते समोरचे ट्रक मागे पडू लागले. अरे देवा! मी मनात घरच्यांचा निरोप घेतला. समुद्रपूर यायच्या थोडं आधी यष्टी दिसली. साडूभाऊंनी ती ओलांडली, पुढच्या फाट्यावर गाडी आडवी घातली आणि खाली उतरून दोन्ही हात वर केले. यष्टी थांबली. कंडक्टर दारातून म्हणाला, "बंद पडली का, काका? या वर, जागा आहे."

"चढाचं नाई. उतरवाचं आहे."

ताई खिडकीतून बघत होत्या. सगळी यष्टी बघत होती. त्या पिशवी छातीशी धरून पायरीवर आल्या. "पेट्रोल भेटलं?"

"साधं टाकलं."

"अवो! अन् तिले काई झालं तं?"

"सांभाळून घेते ती," साडूभाऊ म्हणाले.

ताईंनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "घेते. पन किती दिस घ्यावं तिनं?"

साडूभाऊ गाडीकडे गेले. दार उघडून धरलं. ताई बसल्या, मी त्यांच्या जागेवर यष्टीत जाऊन बसलो, आणि लाल गाडी आमच्यापुढे निघाली. गावाच्या तोंडाशी गतिरोधक आहे. बायकोने माझा हात घट्ट धरला. गाडी थांबली नाही. कुणी उतरलं नाही. पोट घासल्याचा खर्रर आवाज थेट यष्टीपर्यंत ऐकू आला, आणि ताई ऐटीत, बसल्या जागी, गतिरोधक ओलांडून माहेरी गेल्या.

मैदानावर जे झालं, त्याला मी काय म्हणू? पदर खोचलेल्या, चष्मे सांभाळणाऱ्या बायका. निम्म्या जणी हसूनच बाद झाल्या. पण ताई धावायला उतरल्या आणि हसणं थांबलं. वाकून, हुलकावणी देऊन, दोघींच्या मधून निसटत, खांबाला वळसा घालून ही नाडीच्या गाठी सोडणारी आमची ताई अशी पळत होती, की हात लावायला कुणी जवळ पोचेना. तोंडावर असा एक उजेड, जो मी कधी त्या स्वयंपाकघरात पाहिला नव्हता. साडूभाऊ चुन्याच्या रेघेपाशी उभे होते. टाळ्यासुद्धा वाजवत नव्हते.

"हे... हे असं पयते?" ते माझ्या बायकोला म्हणाले. "मले कोनी सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं काऊन नाई, भाऊजी?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी येईस्तोवर ताईंचे गुडघे टम्म सुजले. साडूभाऊंनी तव्यावर तूप-हळद गरम केली, ताईंच्या पायाशी बसले आणि कापडाने हळूहळू शेकू लागले. "सोडा वो, पाव्हने पाहून राह्यले," असं ताई म्हणत होत्या, पण पाय काही त्यांनी ओढून घेतले नाहीत. आम्ही दोघं ओसरीत जाऊन बसलो.

डॉक्टरांनी पुढे पळायला सक्त मनाई केली. गुडघे कामातून गेले होते, म्हणाले, आजचे नाहीत, फार दिवसांपासूनचे. ते पळणं आम्ही पाहिलं ते शेवटचं. साडूभाऊ दुकानात बसल्या बसल्या मधेच म्हणतात, "लय उशिरा पाह्यलं, भाऊ." मग गिऱ्हाईक येतं आणि ते खताच्या पोत्याकडे वळतात. गाडीत आता जे मिळेल ते घालतात. फ्रिज नवा आला आहे, मिक्सर नुसत्या बटनावर फिरतो. चहाची पत्ती मात्र अजून दोनदा उकळते. माणूस एकदम किती सुधारणार!

यंदाच्या पोळ्याला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. गाडी कोपऱ्यात आच्छादनाखाली उभी होती, बॉनेटला तूप नाही, हळद नाही. साडूभाऊ स्वयंपाकघरात. चुलत्यांच्या लग्नातलं भलंमोठं पातेलं चढवून उद्याच्या पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवत होते, अंगभर घाम, कपाळाला पीठ. ताई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. आम्हाला पाहून साडूभाऊ जरा ओशाळले, पण मग सरळ ताईंच्या समोर जाऊन हात जोडून उभे राहिले.

"आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

ताई हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "कायले एवढा खटाटोप? मले साधं चालते वो."

"नाई चालत," साडूभाऊ म्हणाले आणि डाळ घोटायला वळले.