आमच्या बैठकीतलं बॉनेट

माझी मुलगी जपानमध्ये नोकरी करते. तिच्या शहरात गाडी घ्यायची तर ती ठेवायला जागा आहे हे आधी पोलिसांना दाखवावं लागतं. तिने एक मध्यम गाडी पसंत केली होती. जागा मोजली, ती अपुरी निघाली. तिने वाद घातला नाही. बिस्किटाच्या डब्यासारखी चौकोनी, तीन मीटर चाळीस सेंटीमीटर लांबीची गाडी घेतली आणि मला फोनवर दाखवली. नंबरप्लेट पिवळी होती.

"टॅक्सी आहे का?" मी विचारलं.

"नाही बाबा, इथे छोट्या गाडीला पिवळीच असते. कोणी विचारत पण नाही."

कोणी विचारत नाही, हे मला फारच आवडलं. आमच्या इंदूरमध्ये गाडीच्या चाकाखाली लिंबू फुटायच्या आत "कितने की पड़ी?" येतं आणि पेढा तोंडात असतानाच "सनरूफ है?" येतं. आमच्या गल्लीत अकरा घरं आणि चौदा गाड्या आहेत. त्यातल्या दोन आत उभ्या राहतात, बाकी बारा रस्त्यावर. आतल्या जागेत झोपाळे, कुंड्या आणि वॉशिंग मशीन आहेत. समोरच्या भियांच्या (इंदुरात भाईला भियाच म्हणतात) घरात माणसं तीन आणि गाडी सात जणांची. तिचं सनरूफ आजवर एकदाच उघडलं. भारत मॅच जिंकल्यावर भिया झेंडा घेऊन राजवाडा चौकात गेले होते. गाडी गर्दीत अडकली. भिया पायी परतले, गाडी सकाळी आली.

आम्हाला गाडी हवी होती ती बायकोच्या गुडघ्यासाठी. तिची मोठी बहीण इंदूरजवळच्या बेटम्याला राहते. आजवर आम्ही स्कूटरवर जायचो. आता डावा गुडघा मुडपत नाही, त्यामुळे स्कूटरवर मागे बसता येत नाही आणि बसची पायरी चढता येत नाही. टॅक्सीवाला नेऊन सोडतो, पण परत आणायला तयार नसतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बहिणी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर बायको गुडघ्याला तेल चोळत बसायची.

मी ठरवलं, गाडी घ्यायची, पण जपानच्या नियमाने. गाडी मावली पाहिजे आणि फाटक लागलं पाहिजे. टेप घेऊन पोर्च मोजला. फाटकापासून भिंतीपर्यंत तीन मीटर अठ्ठेचाळीस. मुलीची गाडी इथे मावली असती, वर आठ सेंटीमीटर उरले असते. पण ती इथे मिळत नाही. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून पुष्कळ गाड्या चार मीटरला दोन बोटं कमी असताना थांबतात. त्याहून लहान होत्या, पण त्यांची सीट इतकी खाली की बायको बसली ती उठेना. शोरूममध्ये दोन माणसांनी तिला बाहेर काढलं. तिला चढा-उतरायला सोयीची एकच गाडी सापडली. ती तीन मीटर पासष्ट. सतरा सेंटीमीटर जास्त.

"मग नाही घेता येणार," मी म्हणालो.

"अहो, गल्लीतल्या बारा गाड्या रस्त्यावर उभ्या आहेत. तेरावी आपली."

"रस्ता आपला नाही. जपानमध्ये..."

"माझी ताई जपानला राहत नाही. बेटम्याला राहते."

मी पुन्हा एकदा टेप लावून पाहिला. समोरचे भिया फाटकावर रेलून पाहत होते. "क्या भिया, सतरा सेंटीमीटर के लिए भाभीजी को घर बिठाओगे? गेट में पेट निकलवा लो, सब निकलवाते हैं." म्हणजे फाटकाला बाहेरच्या बाजूने फुगवटा. पण तो फुगवटा सतरा सेंटीमीटर रस्त्यावर येणार. ते मला मान्य नव्हतं. बाहेर सरकता येत नाही, तर आत सरकायचं, एवढंच उरलं.

पोर्च आणि बैठक यांच्या भिंतीत सहा फूट रुंद खिडकी आहे. गाडी त्याहून अरुंद. मिस्त्रीला म्हटलं, खिडकी काढा आणि तिच्याखालची भिंत जमिनीपर्यंत पाडा. त्याने दोनदा विचारलं, "बाबूजी, गाड़ी हॉल में आएगी?" मी म्हटलं, "पूरी नहीं. सिर्फ़ सतरह सेंटीमीटर." त्याने हातोडा खाली ठेवून आधी चहा मागितला.

गाडी आली, मावली, मागे फाटक लागलं. वरची मोकळी जागा बॉनेटवर टेकवलेल्या फळ्यांनी झाकली. सोफ्यासमोर दोन दिवे आणि मध्ये कंपनीचा बिल्ला, जणू कोणी पाहुणा हनुवटी टेकून बसलाय. इंजिन गरम असलं की बॉनेटवर पापड छान राहतात. मुलीने फोनवर पाहिलं. म्हणाली, "बाबा, इथले पोलिस तुम्हाला पास करतील. पण आधी थोडा वेळ डोकं धरून बसतील."

चूक पहिल्या रविवारी कळली. बेटम्याला जायचं म्हणून मी गाडी मागे घेतली आणि बैठकीच्या भिंतीत सहा फुटांचं भगदाड उघडं पडलं. टीव्ही, देव्हारा, कपाट, सगळं गल्लीतून दिसू लागलं. एक गाय फाटकातून आत येऊन सोफ्याकडे पाहू लागली. फाटक कमरेएवढं, कोणीही ओलांडेल; गाडी घरात असेल तरच घर बंद होत होतं. मी गाडी पुन्हा आत लावली. बायको नवी साडी नेसून बॉनेटसमोर बसून राहिली.  

शटर लावायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, "कल आता हूँ." तो उद्या अजून उगवायचा आहे.

तो उगवेपर्यंत बायकोने वाट पाहिली नाही. आमची गाडी बिनक्लचची आहे, डाव्या पायाला तिच्यात काहीच काम नाही. दुखरा गुडघा डावाच. हा हिशेब मी करायला हवा होता, तो तिने केला. भंवरकुआं भागातल्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये विशी-बाविशीच्या पोरांबरोबर शिकली. लायसन आल्यानंतरच्या रविवारी स्टीयरिंगवर बसून म्हणाली, "तुम्ही घर सांभाळा. मी ताईकडे जाऊन येते."

मी भगदाडात खुर्ची टाकून बसलो. समोरचे भिया आपल्या गाडीचं कव्हर झटकत होते. "क्या भिया, गाड़ी की जगह आप पार्क हो गए?" मग तेही स्वतःची खुर्ची घेऊन आले. दुपारभर आम्ही गायीला हाकलत बसलो.

दुपारी बेटम्याहून फोन आला. दोघी बहिणी एकदमच बोलत होत्या, काही कळत नव्हतं. मी ऐकत राहिलो.

संध्याकाळी दिवे फाटकात वळले. गाडी हळूहळू पुढे येऊ लागली. मी उठलो आणि बॉनेटसाठी खुर्ची वीतभर मागे सरकवली.