बोळ्याचं ओलं अंथरूण

लॉन्ड्रीत तिला सगळे कडकआत्या म्हणायचे. इस्त्री कडक आणि बोलणं त्याहून कडक. एकदा मालकाने डाग राहिलेला शर्ट तसाच गिऱ्हाइकाला द्यायला सांगितला, तर तिने तो परत हौदात टाकला आणि मालकालाच म्हणाली, तुम्हाला घाई असेल तर तुम्ही घासा. मी शेजारच्या टेबलावर इस्त्री करायची, म्हणून मला माहीत. आता दोघींचेही गुडघे गेलेत, पण तिचा ताठा जागच्या जागी आहे.

नवरा गेल्यापासून ती भाच्याकडे राहते. गॅलरीला लागून असलेली मागची खोली तिची, आणि त्याच खोलीत बोळा. बोळा म्हणजे गिनीपिग. भाच्याच्या मुलीने हौसेने आणला आणि शिकायला हॉस्टेलवर जाताना आत्याच्या पदरात टाकला. तेव्हाच तो म्हातारा झाला होता. सांधे धरलेले, मागचे पाय ओढत चालायचा. लघवी करताना मागचा भाग उचलता यायचा नाही, मग त्यातच बसून राहायचा. पोटाखालचे केस चिकटले, कातडी लालभडक झाली, आणि हात लावला की तो दात वाजवायचा.

खोलीला वास येऊ लागला. भाचेसून नाक मुरडू लागली. भाचा तसा मऊ माणूस, पण त्याने ठरवून टाकलं की पोर सुट्टीला यायच्या आत बोळ्याला डॉक्टरकडे नेऊन कायमचं झोपवायचं. पोरीला त्याचे हाल बघवणार नाहीत म्हणे. स्वतःच्या नाकासाठी करायचं आणि नाव दुसऱ्याच्या काळजाचं पुढे करायचं, याची मला भयंकर चीड आहे. आत्याने त्याला सरळ सांगितलं, पोर येईपर्यंत मी याला बरा करून दाखवते, तोवर याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही.

आणि लागली कामाला. पण जन्मभर तिला एकच ठाऊक, डाग दिसला की साबण. सकाळी साबण, संध्याकाळी साबण, वर टाल्कम पावडरचा थर. ओल लागून पावडरचा लगदा झाला आणि त्याखाली कातडीला चिरा पडल्या. मी म्हटलं, अगं हा जीव आहे, चादर नाही. तर माझ्याशीच अबोला धरला. मग एका सकाळी टोपलीत बोळा घेऊन माझ्या दारात उभी, म्हणाली, चल, जनावरांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरीणबाईंनी बोळ्याला अलगद उचलून बघितलं, लघवीच्या पिशवीत खडा नाही ना याची खात्री केली, आणि मग आत्याला चांगलंच झापलं. साबण बंद, पावडर बंद. मळ हा शत्रू नाही, ओल हा शत्रू आहे. मागचे केस बारीक कापा. नुसत्या कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपा, घासू नका. पूर्ण कोरडं झाल्यावर मलमाचा पातळ हात फिरवा. सांधे दुखतात म्हणून तो हलत नाही, त्यासाठी तोंडात हे थेंब घाला. अंथरूण ओलं लागलं की बदला. त्याने खाणं सोडलं तर मात्र लगेच माझ्याकडे आणा, त्याच्या सुटकेचं बोलायचं असेल तर तेव्हा बोलू. कडकआत्याने उलट उत्तर दिलं नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

घरी येऊन तिने जुन्या टॉवेलच्या गाद्या शिवल्या, खाली पाणी पिणारा टॉवेल आणि वर ओल खाली जाऊ देणारं मऊ कापड. ती बोळ्याला धरायची, मी केस कापायची. सुरुवातीला तो आकांत करायचा, मग ढोबळी मिरचीच्या फोडीवर तडजोड करू लागला. हळूहळू लाली उतरली, खपल्या पडल्या, खालून गुलाबी कातडी आली. काकडी कापल्याचा आवाज आला की स्वारी शिट्टी मारायची. शरीर थकलं होतं, हाव शाबूत होती.

वास मात्र गेला नाही. त्याचं कारण मला ठाऊक होतं, सगळा जन्म लोकांच्या कपड्यांत गेलेलं नाक आहे माझं. आत्याला खोकला आला की लघवी आवरायची नाही. घर उठायच्या आधी ती स्वतःची चादर धुवायची आणि बोळ्याच्या गाद्यांच्या आड वाळत घालायची. चादर धुता येते, पलंगावरची गादी कशी धुणार? मी कधी विचारलं नाही. एवढी ताठ बाई, तिला मान खाली घालायला लावणं माझ्याने झालं नाही.

पोर दुसऱ्या दिवशी यायची होती. भाचा टोपली घेऊन खोलीत आला. आत्याने बोळ्याला उचलून त्याचं पोट दाखवलं. भाच्याने नीट बघितलं आणि खरंच बरं झालंय म्हणाला. पण भाचेसून दारातूनच म्हणाली की वास तर तसाच आहे, आतून काही सडत असेल, उगाच हाल कशाला. भाच्याने मान डोलावली आणि बोळ्याला घ्यायला हात पुढे केला. आत्या आता गप्प राहिली असती, तर तिची झाकली मूठ कायम झाकलेली राहिली असती. मी हातातली केस कापायची कात्री खाली ठेवली.

"वास त्याचा नाही, माझा आहे," आत्या म्हणाली. "मला लघवी आवरत नाही. खोटं वाटत असेल तर पलंगावरची गादी हुंगून बघा."

भाच्याने पुढे केलेला हात मागे घेतला. भाच्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "आत्या, अगं आम्हाला सांगायचं तरी."

"कुणाला सांगू? वास येतो म्हणून तुम्ही याचा निकाल लावायला निघालात. ते बघितल्यावर या घरात कुठली म्हातारी तोंड उघडेल?"

भाच्याने टोपली खाली ठेवली. आत्या मात्र त्याच्या डोळ्यांत बघत उभी होती, बोळ्याला छातीशी धरून, आणि बोळा तिच्या बाहीचं टोक चावत होता. मग भाचेसून आत आली. तिने पलंगावरची चादर ओढायला घेतली. आत्याने मोकळ्या हाताने चादरीचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"डॉक्टरीणबाई शोध," ती भाचेसुनेला म्हणाली, "माणसांची. चादरी मला धुता येतात."