खलीलभाईचा ओला ठोकळा

लॅबच्या डॉक्टरमॅडम एकेका ठोकळ्यावर कापसाची काडी फिरवून राह्यल्या व्हत्या. खलीलभाईचा ठोकळा आला तशा फुडं निघून गेल्या.

"याचं न्हाई घेत का?"

"हा बंद आहे ना, मावशी?"

"बंद हाय. मालक मरून चार महिने झाले. पण धुते मी रोज."

मॅडम थांबल्या. माघारी फिरल्या.

शहागडच्या अलीकडं रोडला आमचा कत्तलखाना. धुण्याचं काम माझं, लई वर्षांपासून. बकरं सोललं की चिंचेच्या लाकडाच्या ठोकळ्यावर त्याचे तुकडे व्हतात. असे सात ठोकळे. काम उरकलं की गरम पाणी, सोडा आन् ब्रश.

लाकूड वाळलं की तडकतं, म्हनून त्या ठोकळ्याचा खाटीक खलीलभाई म्हनायचा, "इसको सूखने नक्को दो, आपा." तो गेला तरी पहिलं पाणी त्याच्याच ठोकळ्याला. मंग बाकीचे.

एक खटकायचं. दिवस मावळायच्या आत सहा ठोकळे खडखडीत वाळायचे. हा वलाच. त्याच्यावर सुरी न्हाई, रगत न्हाई, तरी हात ठेवला की कोमट लागायचा. मी कुणाला बोलले न्हाई.

मंग इथलं मटण गेलेल्या एका लग्नात माणसं आजारी पडली. एक बाळंतीण सलाईनवर गेल्ती. मुकादम म्हनला, "मावशी, धुणं तुमचं. रिपोर्ट खराब आला तर घरी बसा."

"बसंन. आधी लॅबच्या मशीनला बोलू द्या."

काड्या फिरवून झाल्यावर मॅडमनी समजावलं. जंतू डोळ्याला दिसत न्हाई, पण त्याच्या अंगात डीएनए म्हनून खूण असती. मशीन त्या खुणेच्या लाखो नकला काढती, मंग ती दिसती. आजाऱ्याच्या पोटातला जंतू आन् इथला जंतू एकाच खुणेचे निघाले, तर तो कुठून गेला ते कळतं.

काही दिवसांनी मॅडम परत आल्या. सुऱ्या साफ. फरशी साफ. ठोकळे सातही खराब, माझा ब्रशबी. बाळंतिणीच्या पोटातली खूण तीच.

"सगळ्यात जास्त या बंद ठोकळ्यावर," मॅडम म्हनल्या. "हा फोडा."

मुकादमानं कुऱ्हाड घातली. वरून पांढरा, घासून गुळगुळीत. आत काळा, मऊ, वला. आंबूस वाफ आली. कुणी जवळ गेलं न्हाई.

"जुन्या फटीतून जंतू आत शिरला असेल," मॅडम म्हनल्या. "वाळला असता तर बहुतेक मेला असता. त्याला रोज पाणी मिळत राहिलं. ब्रशनं तो बाकीच्यांवर गेला."

"म्हंजे मीच पाजलं त्याला. मीच फिरवलं."

"तुम्ही दाखवला नसता तर मी सोडूनच गेले असते."

मुकादम ठोकळे बाहेर ओढायला लागला. घरी बसा म्हनला न्हाई.

ठोकळे जाळले. सहा लगेच पेटले. खलीलभाईचा दिवसभर नुसता सूं सूं करीत राह्यला.

बाळंतीण घरी आली तशी मी गेले. सांगितलं, ब्रश माझा व्हता. तिनं लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मंग म्हनली, "बसा. चहा टाकते."

आता प्लास्टिकच्या फळ्या हायत, सात ब्रश हायत. घासून भागत न्हाई, वाळवावं लागतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं न्हवतं, आन् मीबी कुणाला विचारलं न्हवतं. हात मात्र आजून पहिला खलीलभाईच्या कोपऱ्याकडं जातो. तिथं नुसती फरशी हाय. तीबी मी फडक्यानं कोरडी करून घेते.