दिग्रसच्या गच्चीवर चार बिअर आणि एक दुपट्टा

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दिग्रसला, आमच्या गच्चीवर, भर दुपारी आम्ही बिअर चाखली. हो, दिग्रसला. हो, भर दुपारी. आणि हो, मी बाई असून चाखली, वर रेटिंगही दिलं...

फोटो टाकल्यावर पाच मिनिटांत पहिली कॉमेंट आली, कापसाची ही अवस्था आणि तुम्हाला पार्ट्या सुचतात? अहो, बोंडअळी आमच्याही शेतात आली. समोरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचं फाटक दिवाळी झाली तरी उघडलेलं नाही, ते मला रोज खिडकीतून दिसतं. पण अळीनं कापूस खाल्ला, आमची जीभ नाही खाल्ली! तेव्हा शिकवायला येणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं.

निखिल माझा आतेभाऊ. पुण्याजवळ दोन मित्रांबरोबर त्यानं छोटी ब्रुअरी काढलीय, बेल्जियमच्या पद्धतीची बिअर करतात. बर्फाच्या डब्यात चार प्रकार घेऊन आला होता. लवकरच ती बाजारात आणायची होती, त्याआधी घरच्यांनी खरं मत द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं.

एवढंच नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कारण गच्चीच्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, त्याची आई बसली होती. माझी आत्या.

आत्यानं ढाणकीकडच्या तिच्या गावात बायका जमवून मतदान घडवलं आणि दारूचं दुकान बंद पाडलं. बाटली आडवी करणाऱ्यांच्या रांगेत पहिली तीच. आणि तिच्याच पोरानं बाटल्या भरायचा कारखाना काढला! तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण बोलत नाही. आत्ताही किडक्या कापसातून चांगला कापूस निवडून ती वाती वळत होती... भाऊबीजेला भावाकडे आलीय म्हणून बसलीय, निखिलसाठी नाही, हे पाठीनंच सांगत होती.

पहिली बाटली उघडली. बाबा म्हणाले, लय भारी. मग मीही म्हटलं लय भारी. दुसरी, तेच. निखिलचं तोंड उतरत चाललं.

"मामा, तुमी सारे मले सांभाळून घेऊन राह्यले," तो म्हणाला. "मले खरं पाहिजे."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. आजोबा कापसाचे दलाल होते. त्यांच्या काळी कापसाचा भाव कापडाखाली व्हायचा, बैलबाजारात अजूनही होतो. दुपट्ट्याखाली समोरच्याची बोटं धरायची... एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. तोंडानं कुणी बोलायचं नाही, बघणाऱ्याला काही कळत नाही. आजोबांनी हे बाबांना शिकवलं होतं आणि आत्यालाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घोट घ्यायचा, हात दुपट्ट्याखाली घालायचा, निखिलची बोटं धरायची.

बाबांचा भाव मला माहीत नाही. माझा मी सांगते, मी कुणाला भीत नाही. गव्हाची, संत्र्याची साल घातलेली विटबिअर, चार. काळसर डबेलमध्ये त्यानं गूळ घातलाय आणि तो गूळ जरा जास्तच बोलतो, म्हणून तीन. ट्रिपेल दिसायला देखणी, पण घशाशी भांडते. मी दोनच बोटं धरली, आणि निखिल त्या दिवशी पहिल्यांदा हसला! शेवटची सेझॉन. ही म्हणे तिकडे शेतावर राबणाऱ्यांसाठी करायचे. कोरडी, जराशी आंबूस, तहान भागवणारी... मी अख्खा पंजा धरला.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"तो संत्र्याचा गिलास इकडं आण."

निखिल जागेवरून हलेना. शेवटी मीच ग्लास नेऊन दिला. आत्यानं तो नाकाशी धरला. गावातल्या हातभट्ट्या याच नाकानं शोधून काढल्या होत्या तिनं.

"धने हायेत का यात?"

"हो आई... धनेच हायेत."

दोन वर्षांत मायलेकांचं एवढंच बोलणं झालं होतं.

"मी पेनार नाही," आत्या म्हणाली. "बाटली आडवी म्याच केली, उद्याबी करीन. पन माल पाहून भाव कराले काय बंदी हाय का? दुपट्टा आण."

तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. बाबांनी दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला.

भाव करायला वेळ तो कितीसा लागतो? बोटं धरायची, सोडायची. आत्यानं धरलेला हात सोडलाच नाही... मी बघत राहिले. निखिलची मान खाली गेली आणि बाबा उगीचच समोरच्या जिनिंगच्या फाटकाकडे बघायला लागले.

किती बोटं, हे मी नंतर त्याला विचारलं. "कापडाखालचा भाव भाईर सांगत नसतेत," म्हणाला, आणि डोळे पुसून गाडीत डबा ठेवायला गेला.

निखिल निघताना आत्यानं त्या डब्यावर वातींची पुडी ठेवली. अळीनं सोडलेल्या कापसाच्या वाती. "कारखान्यात दिवा लावजो," म्हणाली. "पन मी येईन असं समजू नको."

तर कॉमेंट करणाऱ्यांनो, ही होती आमची पार्टी. अशी पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करू, याच गच्चीवर, भर दुपारीच. आत्या, तू पिऊ नकोस आणि हटूही नकोस... पण त्या दिवशी हात लवकर सोडला नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार मानते.