बुवांचा एकेक घास

डॉक्टरांनी बुवांना काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हा बारीक नाही. हा उपाशी आहे. वजन हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. जगेल असं मी आज सांगू शकत नाही."

बुवा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियातला सरडा. गळ्याखाली काटेरी दाढी असते, म्हणून माझ्या सासऱ्यांनी बघताक्षणी नाव ठेवलं, बुवा. मी स्वतः पाल दिसली तर स्वयंपाकघर सोडून पळणारी बाई. पण चेन्नईत, पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीत वरचा भाडेकरू न सांगता फ्लॅट सोडून गेला. घरमालकीणबाईंनी दार उघडलं तर आत एक काचेची पेटी आणि पेटीत हा. त्या त्याला पेटीसकट कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. जिन्यात मी समोर आले, त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि झालं. विकतचं दुखणं म्हणतात ना, ते मला फुकटात मिळालं.

चेन्नईत सरड्याला हात लावणारा डॉक्टर शोधण्यात दोन दिवस गेले. कुत्र्यामांजरांचे दवाखाने हवे तेवढे. सरडा म्हटलं की पलीकडचा माणूस आधी हसायचा, मग फोन ठेवायचा. शेवटी अण्णा नगरमधल्या ह्या बाई भेटल्या. "कुणीतरी चोरून आणलेला असणार," एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या.

त्यांनी सांगितलेले शब्द इथे लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडतील. इमॅशिएशन, म्हणजे चरबी संपल्यावर शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. बुवांच्या शेपटीच्या मुळाशी नुसती हाडं दिसत होती. डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी आटणं. आणि मेटॅबोलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियम न मिळाल्यामुळे हाडं मऊ पडणं. बोटाने दाबला तर त्याचा जबडा वाकत होता. ह्याला यूव्हीबी लागतं, उन्हातला एक किरण, आणि तो काचेतून आत येत नाही. चेन्नईत उन्हाला काय तोटा, पण हा बिचारा काचेत बसून उन्हाकडे बघत राहिला.

"आधी पाणी, मग ऊब, मग अन्न," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीला लाल भोपळ्याचं पातळ पाणी, बिनसुईच्या सिरिंजने, थेंब थेंब. त्याने मागितलं तरी जास्त द्यायचं नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचं."

मी मान डोलावली. बाबा, म्हणजे माझे सासरे, शेजारी बसले होते.

बाबांबद्दल सांगायला हवं. साताऱ्याच्या हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवला. सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. सासूबाईंना आतड्याचं दुखणं होतं, कित्येक आठवडे पोटात अन्न ठरलं नव्हतं. शेवटी शेवटी हॉस्पिटलात चमचा चमचा पेज द्यायचे. त्या वरणभात मागायच्या. बाबा डॉक्टरांचं ऐकून नाही म्हणायचे. आणि त्या गेल्या. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत, पण आमच्याकडे आल्यापासून त्यांना एकच वेड. पाहुणा असो, पोस्टमन असो, कुणी उपाशी जाता कामा नये. पान वाढलं की ते आधी दुसऱ्याच्या पानात बघायचे.

पहिले काही दिवस जीव नुसता टांगणीला होता. नवरा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, सकाळी जायचा तो रात्री उगवायचा. मी ऑफिसला जाण्याआधी बुवांना कोमट पाण्यात बसवायचे, गच्चीवर कोवळ्या उन्हात धरायचे, जबड्याच्या कडेने थेंब सोडायचे. निम्मे थेंब ओघळून माझ्या हातावर यायचे. लाइट गेली की पेटीवरचा उबेचा दिवा विझायचा आणि मी गरम पाण्याची पिशवी शोधत धावायचे. श्वास चाललाय का, हे बघायला मी त्याच्या कुशीवर नजर लावून बसायचे. सांगते, अशा वेळी स्वतःलाच शिव्या घालाव्याशा वाटतात. कुणी सांगितली होती नसती उठाठेव.

हळूहळू त्याने डोळे उघडे ठेवायला सुरुवात केली. एका सकाळी सिरिंज दिसताच तोंड उघडलं. मी नाचायचीच बाकी होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "छान. तेवढंच चालू ठेवा. वाढवू नका."

त्या दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. "मेधा, अगं, हा थरथरतोय. आता हलतच नाहीये."

घरी पोचले तर बुवा पोटावर सपाट पडलेले, पाय मागे ताणलेले, बोटं फडफडतायत. पेटीत वाटी होती. पक्षी विकणाऱ्या दुकानातून बाबांनी पिवळ्या अळ्या आणल्या होत्या. ज्या माणसाने आयुष्यात अंड्याला हात लावला नाही, त्याने पाव वाटी अळ्या स्वतःच्या बोटांनी भरवल्या होत्या. मी बुटांचं रिकामं खोकं शोधून बुवांना त्यात ठेवलं. माझा असा संताप झाला होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच निघालं असतं.

रिक्षात बुटांचं खोकं बाबांच्या मांडीवर होतं. पेरुंगुडीहून अण्णा नगर म्हणजे जवळजवळ दुसरं गावच. प्रत्येक सिग्नलला ते झाकण उचलून बघायचे. "आहे," म्हणायचे. पुढच्या सिग्नलला पुन्हा, "आहे." एकदा त्यांनी झाकण उचललं आणि काहीच म्हणाले नाहीत. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

होता. जेमतेम. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाइन सोडलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. बाकावर एक बाई मांजर घेऊन बसली होती, तिने तमिळमध्ये खोक्यात काय आहे ते विचारलं. बाबांना तमिळ येत नाही, तरी ते मराठीतच म्हणाले, "माझ्या हातून झालं."

बऱ्याच वेळाने डॉक्टर आल्या. बाबा उठून उभे राहिले. "मॅडम, तो मागत होता," इंग्रजीत म्हणाले.

"मागणारच," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पण फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम पोटभर दिलं, तर रक्तातले क्षार कोसळतात. हृदय बंद पडू शकतं. रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात ह्याला. कमी देणं म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे. तेच औषध असतं. माणसांतही हेच करतात."

"माणसांतही?"

"माणसांत तर हे आधी कळलं."

बाबा खाली बसले. बुवांना दवाखान्यातच ठेवलं होतं आणि परतीच्या वाटेवर रिकामं खोकं त्यांनी तसंच मांडीवर धरलं होतं.

पुढचं लांबण लावत नाही. बुवा घरी आले, पुन्हा थेंबांपासून सुरुवात झाली. ह्या खेपेला सिरिंज बाबांनी हातात घेतली. भोपळ्यानंतर बारीक चिरलेली भाजी, मग एक अळी, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. शेपटीचं मूळ भरत गेलं. जबडा टणक झाला. एके दिवशी काट्यावरचा आकडा बघून डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर माझं एवढंच सांगणं, जीव तुटला तरी हात आवरा. अति तिथे माती, हे आपण मुलांना शिकवतो आणि पंगतीत विसरतो.

त्याच संध्याकाळी बुवांनी बाबांच्या बोटांतली अळी झडप घालून घेतली. मान उंच करून, दाढी फुगवून, आणखी हवी म्हणून बघत राहिले. बाबांचा हात वाटीकडे गेला आणि थांबला.

"आता पुरे," बाबा म्हणाले. "उरलेलं उद्या."

त्या माणसाच्या तोंडून जेवणाऱ्यासाठी "पुरे" हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी वाटीवर झाकण ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मेधा, म्हणजे तिला आपण उपाशी नाही ना मारलं?"

"नाही बाबा," मी म्हणाले.

मग ते पानावर येऊन बसले, आणि त्या दिवशी आधी स्वतःच्या पानात बघून जेवले.